क्षमा झाली, मग जमिनीचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे, म्हणजे लोकांच्या पापांसाठी येशूने क्रुसावर प्राण दिला त्या दिवसाच्या) माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीने लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. म्हसोबाला कोंबडं कापणाऱ्याला अडाणी ठरवायचं आणि स्वतःच्या देवाला मात्र पोटच्या मुलाचं रक्त लागतं, ही कसली क्षमा? गुन्हा एकाचा आणि फाशी दुसऱ्याला, हा कुठला न्याय? तिसरी गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. तुमच्या भावकीतल्या एका गृहस्थांनी तुमच्या आईच्या हिश्शाची जमीन खोट्या सह्या करून आपल्या नावावर चढवली. पुढे ते ख्रिस्ती झाले. आता विषय काढला की म्हणतात, "प्रभूने माझं सगळं पाप धुऊन टाकलंय."

मला वाटतं, तुमचे पहिले दोन प्रश्न ह्या तिसऱ्याच्या पोटातून आले आहेत.

म्हसोबाला कोंबडं देणाऱ्याला मी कधी नावं ठेवलेली नाहीत. घरात आजारपण असतं, जीव घाबरलेला असतो, माणूस आपल्याजवळचं काहीतरी देऊ पाहतो. पण पोटच्या मुलाच्या रक्ताबद्दल पवित्र शास्त्र फार स्पष्ट बोलतं. यरुशलेमेच्या वेशीबाहेर हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली मुलं आगीत होमत होते, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की, मी हे सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. क्रुसाचा अर्थ लावताना हे वाक्य बाजूला ठेवून चालत नाही.

आता बळीबद्दल. पवित्र शास्त्रातल्या लेवीय ह्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस एकदा नीट वाचा. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी हाच दिवस पिढ्यान् पिढ्या दारफाळणीचा सण म्हणून पाळत आले: कडक उपास, पांढरे कपडे, दारं बंद. लेवीयमध्ये त्या दिवशी मुख्य याजक (पुरोहित) आधी अंघोळ करतो, नेहमीचा भरजरी पोशाख न घालता साधी तागाची वस्त्रं घालतो आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो. मग दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकतात. एक बकरा मारला जातो. त्याचं रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सगळ्यांत आतल्या भागात, नेऊन बोटाने शिंपडतात, आणि तो अध्याय सांगतो की त्याने ते स्थान लोकांच्या अशुद्धतेपासून शुद्ध होतं. दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो, ती त्याच्या माथी ठेवतो आणि त्याला रानात सोडायला लावतो.

म्हणजे ज्याच्या माथी पाप ठेवलं, तो बकरा वेदीवर मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्या माथी पाप ठेवल्याचं लेवीयमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. (पुढे मंदिराच्या काळात दुसऱ्या बकऱ्याला कड्यावरून लोटत असत असं यहुद्यांची मिश्ना (त्यांच्या धर्मनियमांचा जुना संग्रह) सांगते, पण ती नंतरची रीत.) कुणाला तरी शिक्षा दिल्याशिवाय देवाचा राग शमत नाही, असा हिशोब इथे बसत नाही. एवढंच कशाला, पाचव्या अध्यायात तर अशी सोय आहे की ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, आणि तेही जमत नसतील तर एफाचा (धान्याच्या जुन्या मापाचा) दहावा हिस्सा सपीठ आणावं. तेलही नको, धूपही नको. त्या एवढ्याशा पिठाने त्या गरिबाला पापक्षमा मिळते. रक्तासाठी तहानलेल्या देवाने पीठ घेतलं असतं का?

तुमचा दुसरा प्रश्न, गुन्हा एकाचा आणि फाशी दुसऱ्याला, हा ख्रिस्ती लोकांनी स्वतःच फार पूर्वी विचारलेला आहे. कँटरबरीच्या अन्सेल्म ह्या धर्मपंडिताने १०९८च्या सुमारास मांडलं की पापामुळे देवाच्या मानाला धक्का लागतो, ते ऋण माणसाला फेडता येत नाही, म्हणून देवच माणूस होऊन ते फेडतो. त्याच्याच पुढच्या पिढीतल्या आबेलार्ड ह्या धर्मपंडिताला निर्दोष माणसाचं रक्त किंमत म्हणून मागणं क्रूर आणि अन्यायाचं वाटलं, आणि त्याने ते प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रावरच्या आपल्या भाष्यात लिहून ठेवलं. सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्विन ह्या धर्मसुधारकाने शिक्षेची आणि न्यायालयाची भाषा ठळक केली, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रवचनांत तीच ऐकू येते. तिला शास्त्रात आधार नाही असं मी म्हणणार नाही. यशया संदेष्ट्याच्या ५३व्या अध्यायात शिक्षा हा शब्द आहेच. पण क्रुसाने तारण, म्हणजे पापातून सुटका, नेमकं कसं होतं, ह्याची एकच एक उपपत्ती प्राचीन मंडळीच्या (चर्चच्या) कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने ठरवून दिली नाही. नायसियाच्या मतांगीकारात (ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या कबुलीत) "आम्हां मानवांसाठी व आमच्या तारणासाठी" एवढंच आहे.

बाप रागावलेला आणि मुलगा मध्ये पडून मार खातोय, असं चित्र उभं करणारं प्रवचन मला मनापासून चुकीचं वाटतं. ते देवाचे दोन तुकडे करतं. आमचा विश्वास असा आहे की क्रुसावर जो आहे तो देवच आहे. पौल लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. कोणी तुमचे पन्नास हजार बुडवले आणि तुम्ही ते सोडून दिलेत, तर ती रक्कम हवेत विरत नाही, तुमच्याच खिशातून जाते. ज्याचं बुडालं त्यानेच तोटा सोसला. क्रुसावर मला हे दिसतं, आणि म्हणून "फाशी दुसऱ्याला" हे वर्णन मला पटत नाही. ज्याचा अपराध झाला, तोच तिथे आहे.

"ज्याचं कर्म त्याने भोगावं" असंही तुम्ही लिहिलंय. यहेज्केल संदेष्ट्याचा १८वा अध्याय जवळपास तेच म्हणतो: बापाचं पाप मुलाच्या माथी नाही. तिथे आपलं भांडण नाही.

आता त्या जमिनीकडे येतो. दुसऱ्याची ठेव दाबणं, लुबाडणं, खोटी शपथ घेणं, ह्यांबद्दल लेवीयचा सहावा अध्याय क्रम लावून देतो. जे घेतलं ते पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि तेही ज्याचं आहे त्याच्याच हातात, त्याच दिवशी. मग देवाला दोषार्पणाचा मेंढा. मिश्नाही सांगते की माणसाने माणसाचा केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानेही फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. आणि येशूने ह्यात तसूभरही सूट दिलेली नाही. तो म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. जक्कय जकातदार उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशूच्या तोंडी वाक्य आहे: आज ह्या घराला तारण प्राप्त झालं आहे. जक्कयाने पैसे देऊन तारण विकत घेतलं असा ह्याचा अर्थ नाही, येशू आधीच त्याच्या घरी उतरायला निघाला होता. पण ज्याच्या घरी येशू खरोखर उतरला, त्याच्या तिजोरीला ते कळलं.

डीट्रिख बोनहॉफर हा जर्मन पाळक (पास्टर) १९३७ मध्ये स्वस्त कृपेबद्दल पोटतिडकीने लिहून गेला: पश्चात्तापावाचून क्षमा, क्रुसावाचून कृपा. हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं. मंडळ्यांना त्याचं म्हणणं आजही रुचत नाही, पण तुमच्या भावकीतल्या गृहस्थांना कोणीतरी जे सांगायला हवं होतं, ते हेच.

तुम्ही विचारलंय, देवाने त्यांना खरंच माफ केलंय का, आणि मग मीही करायलाच हवं का. पहिल्याचं उत्तर द्यायचा अधिकार मला नाही. पण जमीन परत करावी लागू नये म्हणून ते देवाच्या क्षमेचं नाव घेत असतील, तर तसा उपयोग करायची मुभा त्यांना शास्त्रात कुठेही सापडणार नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की, तुमच्या मनातला राग कधी ना कधी सुटावा अशी मी प्रार्थना करेन, पण तो सोडलात म्हणून आईचा हिस्सा सोडायला हवा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. क्षमा करूनही तलाठ्याकडे आणि कोर्टात जाता येतं. त्याआधी मत्तयाचा पाचवा आणि लूकचा एकोणिसावा अध्याय (वेदीपाशचं वचन आणि जक्कयाची गोष्ट) त्या गृहस्थांसमोर ठेवा, आणि ते ज्या मंडळीत जातात तिथल्या पाळकांनाही सगळं सांगा. एकट्याने जायला जड वाटत असेल तर कळवा, मी तुमच्याबरोबर येईन.