‘शेजारून व्हिडिओ काढा’ म्हणे!

मंगळवारी सकाळी सातलाच भावोजींनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. वर लाल दिवा, तीन उद्गारचिन्हं, ‘प्रत्येक वाहनचालकाने वाचावे’. सार असं: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कुणी फोन बघत गाडी चालवताना दिसलं तर पोलिसांना कळवू नका. कळवलंत तर साक्षीदार व्हाल, कोर्टाच्या खेपा घालाल. ११२ हा आपत्कालीन नंबर फक्त अपघात-दरोड्यासाठी आहे, उगाच लावलात तर दंड. फोनमुळे मरणारे जेमतेम दोन टक्के. शिवाय कॅमेरे आहेतच. त्यापेक्षा त्याच्या शेजारी गाडी घ्या, व्हिडिओ काढा आणि व्हायरल करा. खाली आईचा अंगठा. आईला सायकलसुद्धा येत नाही.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण ग्रुपवर आमचा पुतण्या आहे आणि त्याला लायसन्स मिळून चार महिने झालेत.

म्हणून आधी तो व्हिडिओच घेऊ. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. फोन खिशातून काढायचा, कॅमेरा उघडायचा, समोरचा नीट फ्रेममध्ये घ्यायचा, यात पाच सेकंद धरा. झाले १३९ मीटर. एसटीच्या अकरा बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढा रस्ता तुम्ही न बघता कापलात, आणि तोही अशा माणसाला खेटून जो स्वतःच रस्त्याकडे बघत नाहीये. म्हणजे आता दोघं. लिहिणाऱ्याला हे टाइप करताना काहीच वाटलं नसेल?

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ वाचा. २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये सिग्नल तोडण्याच्या जोडीला गाडी चालवताना हातातला फोन वापरणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सूट आहे ती फोनच्या नकाशावर रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. ‘समाजप्रबोधनासाठी चित्रीकरण’ अशी सूट मला कुठे दिसली नाही. पुरावा म्हणून तो व्हिडिओ ग्रुपवर टाकलात की स्वतःविरुद्धचा पुरावाही तुम्हीच टाकलात.

ज्या गुन्ह्याला कैद आहे, तो ११२ ला सांगायचा नाही तर कुठला सांगायचा? अडचण होते ती खोटी माहिती देणाऱ्याला. खरं दिसलेलं सांगणाऱ्याला नव्हे.

साक्षीदाराचं म्हणाल तर मागच्या महिन्यातली गोष्ट. पुण्याहून येत होतो. घाट उतरलो, खालापूरचा टोलनाका मागे पडला, आणि बाजूला एक खासगी बस. आत अंधार, फक्त ड्रायव्हरच्या तोंडावर निळा-पांढरा उजेड हलतोय. बस पट्टा ओलांडून आमच्याकडे सरकायची, मग दचकल्यासारखी परत जायची. दोनदा झालं. गाडी नवरा चालवत होता, त्याने मागे घेतली, फोन मी लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मुंबईकडे की पुण्याकडे? किलोमीटरची पाटी कितीची? नंबर? रंग? दीड मिनिटात संपलं. बस पुढे अडवली का, ते मला कुणी कळवलं नाही. कोर्टाचं बोलावणंही आलेलं नाही.

एक मात्र कबूल करते, नाइलाजाने. ‘कायदा तुमच्या पाठीशी आहे’ म्हणून १३४ अ हे कलम जे पुढे करतात, तेही ताणतात. ते कलम अपघातात जखमींना मदत करणाऱ्यांसाठी आहे, तक्रार करणाऱ्यांसाठी नाही. उद्या खरंच अपघात झाला आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर जबाबाला बोलावतील. बोलावू देत की.

दोन टक्के? आकडा बरोबर आहे. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ मृत्यू, त्यात मोबाईलमुळे ३,३९५. म्हणजे रोज नऊ माणसं, ‘जेमतेम’. हे फक्त नोंदलेले. धडक दिल्यावर ‘मी रील बघत होतो’ असं कोण स्वतःहून सांगतो? कागदावर कारण म्हणून ‘वेग’ येतो.

कॅमेरे आहेत, चलनही जातं. पण ते गाडीच्या मालकाच्या मोबाईलवर जातं, ड्रायव्हरच्या हातातला फोन त्या क्षणी कोण काढून घेणार?

भावोजी, रविवारी पनवेलला येताय ना तुम्ही? येताना फोन ताईच्या पर्समध्ये ठेवा. फॉरवर्ड जेवण झाल्यावर करा.