काचेच्या नळीतला जांभळा उजेड आणि आत्तीचा पेसमेकर

रविवारी सकाळी आत्तीचा मेसेज आला. ग्रुपवर फिरून फिरून गुळगुळीत झालेलाच : "नासाने सिद्ध केलेली लाइट आणि करंट थेरपी. २१ दिवसांत टकलावर केस. जांभळ्या किरणांनी टाळूचं रक्त शुद्ध, निळ्या उजेडानं कोंडा गायब. पूर्ण नैसर्गिक, वयस्करांनाही अपाय नाही." खाली तिचं स्वतःचं, "तू करंटातला माणूस. बघ की, दोन हजारात घरी येतंय. मागवू?"

आत्ती ६८ वर्षांची. गेल्या वर्षी तिला पेसमेकर बसवलाय. तिला हे पाठवणाऱ्या आमच्या चुलतभावाला ते माहीत नाही असंही नाही, त्याच्याच गाडीतनं तिला दवाखान्यात नेलं होतं. म्हणून शेवटच्या ओळीपासूनच धरतो.

'अपाय नाही.' कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. मेसेजातलं यंत्र म्हणजे काचेच्या नळीत उजेड पडणारं, ती नळी टाळूवर फिरवायचं 'हाय फ्रिक्वेन्सी' मशीन. पार्लरवाल्या तीच मशीनं दुरुस्तीला आणतात. हँडलमधली कॉइल जळते, नाहीतर काचेची नळी फुटते. आत जादू काही नाही. भिंतीतले २३० व्होल्ट टेस्लाच्या तऱ्हेच्या कॉइलनं कित्येक हजार व्होल्टवर चढवायचे आणि सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहून जास्त उलटेसुलटे करायचे. करंट किरकोळ, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. पण तपासायला मशीन चालू केलं की बाकावरचा मीडियम वेव्हचा जुना रेडिओ लगेच खर्रर्र करतो. पेसमेकर हाही एक ऐकणाराच. हृदयाची मिलिव्होल्टमधली हालचाल तो ऐकत बसतो. ठोका आला की गप्प, नाही आला की स्वतः देतो. ही खरखर त्याला ठोक्यासारखी वाटली तर गरज असताना तो गप्प बसेल. नव्या पेसमेकरांना यापासून बराच बचाव असतो, तरी चांगल्या मशीनच्या पुस्तिकेत पेसमेकर, गरोदरपण आणि फिट येणाऱ्यांना मनाई छापलेली असते. ती पुस्तिका उघडतो कोण?

त्यात नळीच्या टोकाला ठिणगी उडते. स्पिरिटवालं टॉनिक डोक्याला चोळून वर ही नळी फिरवली तर काय होईल, हे गॅस पेटवणाऱ्या कुणालाही कळेल. आणि तो 'ताजा' वास ओझोनचा असतो, दमेकऱ्यानं लांबच राहावं.

'जांभळे किरण.' रंग औषधाचा नसतो, नळीत भरलेल्या वायूचा असतो. आर्गॉन भरला की जांभळा, निऑन भरला की केशरी. जांभळी मुरमांना, केशरी सुरकुत्यांना असं सांगून दोन्ही नळ्या विकतात. हँडल तेच, कॉइल तीच. ओझोनमुळं कातडीवरचे काही जंतू मरत असतील, एवढं मान्य. रक्त शुद्ध करायला मूत्रपिंडं आहेत, त्यावर शब्द घालवत नाही.

निळा उजेड मुरमांच्या जंतूंवर थोडंफार काम करतो, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा. कोंड्यामागं मात्र मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक बुरशी असते. त्याला केटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू पुरतो.

नासानं १९९० च्या दशकात अंतराळात रोपं वाढवायला लाल एलईडी वापरले, मग जखमा भरायला त्यांचा उपयोग होतो का ते तपासलं. टकलाचा संबंध तिथं नाही. तो हंगेरीत आहे. १९६७ मध्ये तिथले डॉक्टर एंद्रे मेस्तर लेसरनं कॅन्सर होतो का हे बघत होते, तर उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर आले. तेव्हा लाल उजेडाची गोष्ट निव्वळ थाप नाही, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. २०१४ मध्ये छापलेल्या एका चाचणीत अनुवंशिक केसगळतीच्या १२८ पुरुष आणि १४१ बायकांना लेसरचा कंगवा किंवा हुबेहूब दिसणारा खोटा कंगवा दिला. खऱ्या कंगव्यानं चौरस सेंटीमीटरला साधारण २० केस वाढले, खोट्यानं दीड ते साडेनऊ. पण आठवड्यातून तीनदा, २६ आठवडे! आणि तो लेसर होता, काचेची नळी नव्हे.

२१ दिवसांचं गणित तर शाळेतलं पोरगंही खोडेल. असलेला केससुद्धा महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो. 'आमच्या ह्यांना गुण आला' असं सांगतात, त्यातले बरेच चाईचे, म्हणजे गोल चट्ट्यात केस गेलेले असतात. चाई पुष्कळदा आपोआपच भरून येते. लहान पोराच्या डोक्यावर गोल चट्टा आणि खपल्या दिसल्या तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातनं गोळ्या लागतात, आणि उशीर झाला तर त्या जागी कायमचं टक्कल राहू शकतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं दाखवा.

हे सगळं आत्तीला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढं वाईट हाय तर तू ती दुरुस्त कशाला करतोस रे?"

तेव्हापासून दुकानातनं बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनच्या हँडलवर मार्करनं लिहून देतोय : पेसमेकरवाल्यांना नको.