192 नंतर थेट 209

वर्षअखेरीला वर्षभराच्या वाचनाचा हिशेब वहीत मांडायची माझी जुनी खोड आहे. यंदा त्या हिशेबाला बसलो आणि 41 पुस्तकांपैकी एकाबद्दलही धड मत लिहू नये, इतके डोके फिरले. एक वाक्य पडताळून पाहावे एवढ्यासाठीच परवा रात्री मी ऑगस्टमध्ये वाचलेली 416 पानांची एक कादंबरी पुन्हा उघडली, आणि तिच्यात पान 192 नंतर थेट पान 209 निघाले. पाने फाटलेली नाहीत, कोणी ओढून काढलेलीही नाहीत. मधला एक अख्खा फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदाची घडी घालून केलेली 16 पाने, बांधणीतच गळला आहे. डावीकडच्या पानावर नायकाची बायको गॅसवर दूध ठेवते आणि उजवीकडच्या पानावर नायक एकटाच एसटीच्या खिडकीशी बसून कराड सोडतो. किंमत 595 रुपये. त्या दुधाचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याचा हक्क एवढ्या पैशांत मिळायला हरकत नव्हती.

जिथून पुस्तक घेतले त्या दुकानात दुसऱ्याच दिवशी गेलो. दुकानदाराने प्रथम बिल मागितले. बिल मी नेहमीप्रमाणे खूण म्हणून कोणत्या तरी दुसऱ्याच पुस्तकात घातलेले आहे आणि ते पुस्तक कोणते, हे मला आठवत नाही; पण तो माझा खासगी प्रश्न आहे. मग त्याने पाने चाळली, समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवले आणि ‘हे तर वापरलेले पुस्तक आहे’ असा निकाल दिला. वापरलेले! अहो, पुस्तक वाचल्याशिवाय त्यातली पाने गळलेली कळणार कशी? घरी आल्यावर प्रकाशकांच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुलाने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘काका, त्या आवृत्तीच्या 800 प्रती गेल्या, तक्रार तुमची पहिलीच.’ हे तो समर्थन म्हणून सांगत होता.

मला छपाईतले फार कळते असे नाही, पण एवढे नक्की ठाऊक आहे की प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते आणि सगळे फर्मे क्रमाने एकावर एक रचले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एखादा फर्मा राहिला तर पायरी तुटते आणि ती हातभर अंतरावरूनही दिसते. म्हणजे ही चूक पकडायला विद्वत्ता लागत नाही, फक्त एकदा बघावे लागते. नंतर कणा खरवडून त्यावर डिंक थापला, की बघायचेही काही उरत नाही. माझ्या आजोबांच्या कपाटातली शिवलेली पुस्तके साठ वर्षांनंतर उघडली तरी सपाट पडून राहतात. यंदा घेतलेल्या दोन पुस्तकांची पाने मात्र मी पलंगाखालून वेचून क्रमाने लावली आहेत.

बांधणीचे सोडून मजकुराकडे वळावे, तर तिथे मुद्रितशोधन नावाचा व्यवसाय अस्तित्वात होता याचीच शंका यावी. याच कादंबरीत, मला लाभलेल्या 400 पानांत, ‘आजी ओसरीवर सुत कातत बसली होती’ असे वाक्य आहे. सुत म्हणजे मुलगा. भर दुपारी पोटच्या मुलाला चरख्यावर घालणारी ही आजी लेखकाला अभिप्रेत नसावी, असे मी गृहीत धरले. शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये 14 होते, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि ते 18 झाले. अवघे 18 नियम पाळायला एवढी अडचण का यावी? पूर्वी निदान शेवटी शुद्धिपत्र असे आणि चूक झाल्याची लाज तरी छापली जाई. भाचीला वाढदिवसाला देण्यासाठी ‘श्यामची आई’ची एक स्वस्त आवृत्ती आणली, तर मुखपृष्ठावर श्याम आणि आत सर्वत्र शाम. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 60 वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत 2010 अखेर संपली आणि तेव्हापासून ते पुस्तक कोणालाही छापता येते, हे मान्य. पण छापता येणे आणि छापता ‘येणे’ यांत काही फरक आहे की नाही?

अनुवादांविषयी तर मी बोलूच नये, कारण मग रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. यंदा वाचलेल्या सात अनुवादांपैकी दोन चांगले निघाले. उरलेल्या पाचांपैकी एकात लग्नाच्या आदल्या रात्री ‘नायकाला थंड पाय आले’. मी पुढची दोन पाने तो आजारी आहे असे समजून वाचत होतो आणि घरात कोणीच त्याला मोजे कसे देत नाही, याचा मला राग येत होता. ज्याने इंग्रजी ‘कोल्ड फीट’चे हे असे केले त्याच्या आईने त्याला आयुष्यात कधी ‘ऐनवेळी कच खाल्लीस’ म्हटले नसेल का?

आणि प्रस्तावना. ज्या कादंबरीचा शेवट कळू नये म्हणून लेखक 300 पाने जिवाचे रान करतो, तिच्या प्रस्तावनेच्या तिसऱ्याच पानावर ‘अखेरीस विहीर जवळ करणाऱ्या नायिकेच्या रूपाने’ असे लिहिणाऱ्या विद्वानाला मी काय म्हणावे, हे सभ्य मराठीत बसत नाही. प्रस्तावना शेवटी वाचावी, असे मला अनेकांनी सुचवले आहे. मग ती शेवटी छापा ना!

पानांच्या संख्येचाही एक जुना राग आहे, तोही इथेच काढतो. मार्चमध्ये ‘रणांगण’ आणि त्यानंतर लगेच ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचले. विश्राम बेडेकरांनी 1939 मध्ये एका जहाजावर, युरोपातून जीव घेऊन निघालेल्या माणसांत, चक्रधर आणि हॅर्टा यांची जी गोष्ट सांगितली, ती एका बैठकीत वाचून होते आणि नंतर महिनाभर माणसाला सोडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 मध्ये धनगरांची अख्खी वाडी, तिची शाळा आणि तिचा दुष्काळ एका लहानशा पुस्तकात बसवला. ही दोन्ही पुस्तके शर्टाच्या नाही तरी झब्ब्याच्या खिशात मावतात. त्यानंतर मी 640 पानांची एक बहुचर्चित कादंबरी उचलली, तर पहिल्या 70 पानांत नायकाचे पणजोबा अजून जन्मायचे होते. ती मी छातीवर ठेवून झोपलो. त्या पुस्तकाचा मला झालेला तेवढाच उपयोग.

दिवाळी अंकांचा हिशेब मी वेगळा ठेवतो, म्हणून थोडक्यात सांगतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा, मराठीतला पहिला मानला जाणारा दिवाळी अंक काढला, तेव्हा कथेच्या ऐन उत्कर्षबिंदूवर ‘पुढील मजकूर पान 214 वर’ असे लिहून वाचकाला पतपेढ्या, बिल्डर आणि वार्षिक राशिभविष्य ओलांडत पळवण्याची कल्पना त्यांच्या मनात खात्रीने नसावी.

इथवर लिहून झाल्यावर पुरावा म्हणून मी वहीतली ऑगस्टची नोंद काढली, आणि आता जे सांगतो ते सांगणे मला जड जात आहे. त्या कादंबरीपुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘पृ. 192 नंतर काळाची धाडसी उडी. पत्नीचे नाहीसे होणे अनुत्तरित ठेवण्यातला संयम मराठीत दुर्मीळ.’ ‘संयम’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. समोरासमोरच्या दोन पानांचे क्रमांक माझ्या नजरेतून सुटले, मी सुखेनैव पुढे वाचत गेलो आणि डिंक लावणाऱ्याच्या हलगर्जीपणाला शैली समजलो. बरे, एवढ्यावरच थांबलो असतो तर बरे झाले असते. सप्टेंबरमध्ये आमच्या वाचनकट्ट्यावर मी या उडीवर वीस मिनिटे बोललो. कादंबरी वाचल्याचे सांगणाऱ्या तिघांनी माना डोलावल्या आणि एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘तो भाग मलाही अस्वस्थ करून गेला’ असे डोळे मिटून सांगितले. कोणता भाग, सर? यंदा विकत घेतलेल्या 29 पुस्तकांपैकी 14 अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच आहेत, तेव्हा त्यांना तरी मी कोणत्या तोंडाने विचारू?

काल रात्री प्रकाशकांकडच्या त्या मुलाने गळलेल्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. एकूण नऊ फोटो, प्रत्येकात दोन पाने, आणि प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात पुस्तक दाबून धरणारा, नखाला शाई लागलेला तोच अंगठा. मोबाइल आडवा धरून आणि दोन बोटांनी अक्षरे मोठी करून मी सोळाही पाने वाचली. दूध उतू जाते. बायको रागावून मिरजेला भावाकडे निघून जाते. तिथून ती नवऱ्याला साडेचार पानांचे पत्र लिहिते आणि आपण का गेलो, हे मुद्देसूद कळवते. पत्राच्या शेवटच्या तीन ओळी अंगठ्याखाली आहेत. त्या मी मागवलेल्या नाहीत, आणि वहीतली नोंदही अद्याप खोडलेली नाही. शनिवारी कट्टा आहे, आणि वर्षभरातल्या उत्तम पुस्तकावर बोलण्याची पाळी त्या प्राध्यापकांची आहे.