सासरे, सेल्स टॅक्स आणि जुनी गाडी

परवाच्या शनिवारी नवी गाडी घेतली. पेढे वाटायची इच्छा नाही, कारण डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. शनिवारीच का, तर न्यू जर्सीत रविवारी गाड्यांची शोरूम्स कायद्यानं बंद असतात. त्यामुळे अख्खं राज्य शनिवारी तिथे लोटतं आणि तुमच्या वाट्याला आलेल्या सेल्समनचं अर्धं लक्ष दारातून आत येणाऱ्या पुढच्या माणसाकडे असतं.

सोबत सासरे होते. एरवी मी कुणाच्या सासऱ्यांबद्दल असं चारचौघांत लिहिलं नसतं. पण माझे सासरे माझगावच्या विक्रीकर भवनातून निवृत्त झालेत. विक्रीकर निरीक्षक म्हणून लागले आणि जीएसटी आल्यावर वर्षभरानं बाहेर पडले, म्हणजे दोन्ही राजवटी पाहिलेला माणूस. आमच्याकडे उन्हाळ्यापुरते आलेत. "बाबा घरी बसून कंटाळतात, त्यांना घेऊन जा," असं बायको म्हणाली. तिला काय जातंय म्हणायला.

आता नियम सांगून टाकतो. इथला विक्रीकर ६.६२५ टक्के. हा असला आकडा कुठून आला? २०१६ साली पेट्रोलवर गॅलनमागे २३ सेंट वाढवले आणि लोकांनी बोंब मारू नये म्हणून ७ टक्क्यांचा विक्रीकर दोन टप्प्यांत इथवर उतरवला. ३४,००० डॉलरच्या गाडीवर तो होतो २,२५२ डॉलर ५० सेंट. मात्र जुनी गाडी त्याच डीलरला दिली, तर तिची किंमत आधी वजा होते आणि कर फक्त उरलेल्या रकमेवर लागतो. करदात्याला मिळणारी ही इतकी सरळ सवलत आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर मला त्यात काहीतरी गोम वाटली होती.

गोम होतीच. ती सांगतो, पण आधी सासरे.

सेल्समन पंचविशीतला पोरगा. त्यानं मोठ्या उत्साहानं कागद पुढे सरकवला आणि जुन्या गाडीमुळे कर कसा कमी होतो ते समजावलं. मी मान डोलावली. सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला. तो त्यांनी रुमालानं पुसायला घेतला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, असं बायकोचं म्हणणं.

"एक मिनिट," ते इंग्रजीत म्हणाले. "या दोन विक्री आहेत. तुम्ही यांना नवी गाडी विकताय, ही एक. हे तुम्हाला जुनी विकतायत, ही दुसरी. पहिलीतून दुसरी वजा कशी झाली?"

पोरगा हसला. "सर, यात तुमचाच फायदा आहे."

"फायद्याचं मी विचारलं नाही. कलम विचारलं."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं.

मग सासऱ्यांनी त्याला जीएसटी मूल्यांकनाचा नियम २७ ऐकवला. २४ हजार रुपयांचा नवा फोन, जुना फोन घेऊन २० हजारांना दिला, तर कर २० हजारांवर नव्हे, २४ हजारांवर. "उदाहरण माझं नाही, नियमातच छापलंय!" पोरगा म्हणाला, "वॉव." सासऱ्यांना हा प्रतिसाद पसंत पडला असावा, कारण ते पुढे रोड टॅक्सवर गेले. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत असेल तर ११ टक्के, वर गेली की १२, २० लाखांवर १३, शिवाय १० लाखांवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊच कापून घेतलेला आयकर. जुनी गाडी दिल्याची एका पैशाची सूट यात कुठेही नाही! हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मुलीच्या लग्नातही मी पाहिला नव्हता.

"बाबा," मी मराठीत, शक्य तितक्या हळू म्हणालो, "ही सवलत आपल्याला मिळतेय."

"म्हणूनच विचारतोय. उद्या नोटीस आली तर?"

"नाही येत. इथे कायदाच तसा आहे."

"सुधाकरकडे नाहीये," ते म्हणाले.

सुधाकर म्हणू या माझ्या मेहुण्याला. तो कॅलिफोर्नियात असतो आणि तिथे खरंच ही सवलत नाही. दर सव्वासात टक्क्यांपासून सुरू, वर गावागावाचे स्थानिक कर, आणि आकारणी गाडीच्या पूर्ण किमतीवर, जुनी दिलीत तरी. व्हर्जिनियातही तेच. इलिनॉयनं २०२० साली या सवलतीवर १० हजार डॉलरची मर्यादा घातली आणि २०२२ ला ती गुपचूप उठवली. तात्पर्य, सासऱ्यांच्या मते त्यांचा मुलगा शिस्तीच्या राज्यात राहतो आणि मुलगी पळवाटांच्या.

पळवाटांवरून आठवलं. आमच्या मंडळातले एक गृहस्थ गणपतीत आरती संपली की दरवर्षी कुणाला तरी बाजूला घेऊन सांगतात, "गाडी डेलावेअरला घ्या. तिथे विक्रीकर नाही." डेलावेअर इथून दीडेक तासावर, आणि फोन-लॅपटॉप घ्यायला निम्मं जर्सी तिथे जातं हे खरं. पण गाडीचा कर जिथली नंबरप्लेट तिथला भरावा लागतो. गाडी जर्सीत नोंदवायला गेलात की काउंटरवरची बाई तुमच्याकडून इथल्या दरानं कर घेते. या गृहस्थांनी स्वतः आजवर डेलावेअरहून गाडी आणलेली नाही. प्रसाद मात्र दोनदा घेतात.

तर शोरूम. एव्हाना रिबेटचा, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून मिळणाऱ्या १,००० डॉलरच्या सुटीचा विषय निघाला होता. पोरगा ओशाळून म्हणाला की रिबेट मिळेल, पण कर त्याच्या आधीच्या किमतीवरच लागेल. मी वाद घालायला तोंड उघडलं. सासरे आधी बोलले.

"करेक्ट! डीलरला ते हजार कंपनीकडून मिळतातच ना? मग किंमत कमी कुठे झाली?"

पोरगा इतका खूश झाला की त्यानं सासऱ्यांसाठी कॉफी मागवली. मला कुणी विचारलं नाही.

मग जुनी गाडी तपासायला एक माणूस बाहेर गेला. हातात टॅब, कानामागे पेन. त्यानं टायर पाहिले, बंपरवरचा ओरखडा पाहिला, दार उघडलं, वाकला, आणि हुंगलं. एकदा. मग डिकी उघडून परत हुंगलं. काचेतून मला सगळं दिसत होतं. परत आला तेव्हा टॅबवर एका रकान्यात लिहिलं होतं: वास.

वास! डिकीत गेल्या दिवाळीत गोड्या मसाल्याची बरणी फुटली होती, मान्य आहे. पण मी ती गाडी तीन वेळा शाम्पू करून घेतली होती. आणि समजा, उरला असेल थोडा, तर तो धण्या-खोबऱ्याचा आहे. शेजारच्या टेबलावर जो माणूस गाडी विकत होता, त्याचा कुत्रा मागच्या सीटवर बसून अजून बाहेर बघत होता. त्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण तो हसत हसत बाहेर पडला. या गोष्टीवर घरी आल्यावर सगळे हसले. मलाही हसता आलं असतं, पण शंभर-दोनशे डॉलरचा प्रश्न नव्हता तो. कुणीतरी परका माणूस आपल्या गाडीत डोकं घालून श्वास ओढतो आणि तोंड वाकडं करतो, हे काचेतून बघत उभं राहायचं. असो.

सासऱ्यांचा आक्षेप वेगळाच होता. "पंचनाम्यावर पंचांच्या सह्या कुठेत?"

आता ती गोम. ऑनलाइन गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीनं मला आदल्या दिवशी १०,४०० डॉलर देऊ केले होते. ते मी या पोराला बाणेदारपणे सांगितलं. तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर काचेच्या खोलीत बसतो, तिथून सगळं दिसतं आणि ऐकू काही येत नाही. बराच वेळ हातवारे झाले. पोरगा परत आला तो आकडा घेऊन: ९,८००.

"पण मला दुसरीकडे सहाशे जास्त मिळतायत," मी म्हणालो.

"दिसताना जास्त आहेत सर. इथे तुमचा ६४९ डॉलर २५ सेंट कर वाचतो. दोन्ही मिळून १०,४४९.२५. तुम्ही ४९ डॉलर २५ सेंटांनी वरच आहात!"

सासऱ्यांनी कागद ओढला, पेन घेतलं, १०,४०० ला १.०६६२५ नं भागलं. कॅल्क्युलेटर नाही. "९,७५४," ते म्हणाले. "याच्या खाली गेले असते तर तुम्ही उठला असतात. म्हणून ९,८००. हिशोब चोख आहे." आणि मॅनेजरच्या खोलीकडे पाहून त्यांनी मान तुकवली. मॅनेजरनंही आतून तुकवली. दोन घराण्यांच्या गवयांनी एकमेकांना दाद द्यावी, तसं.

म्हणजे बघा, सवलत सरकारनं दिली, मला दिली, कायद्यात माझ्यासाठी लिहिली. पण ती मला मिळते हे डीलरला ठाऊक आहे, म्हणून जुन्या गाडीचा भाव तो तितकाच पाडतो. सहाशे डॉलर त्याच्या खिशात, ४९ माझ्या, आणि वर मीच त्याला थँक्यू म्हणायचं. पुढच्या वेळी कुणाला करायचं असेल तर एवढंच करा: दुसरीकडचा आकडा सांगूच नका. आधी यांचा काढून घ्या, मग भागाकार करा.

ते ४९ सुद्धा टिकले नाहीत. शेवटच्या कागदावर 'डॉक्युमेंट फी' म्हणून ५९९ डॉलर होते. कॅलिफोर्नियात या फीला ८५ डॉलरची मर्यादा आहे. जर्सीत नाही, मनाला येईल ते लावा. कागद कसले, तर मीच सह्या केलेले. मी आवाज चढवला. पोरगा म्हणाला, ही सगळ्यांनाच असते, कॉम्प्युटरमधून काढताच येत नाही. मी सासऱ्यांकडे आशेनं पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस, आता तरी गरजेल.

त्यांनी ओळ नीट वाचली. "या फीवर विक्रीकर लावलाय का?"

"हो सर. ३९ डॉलर ६८ सेंट."

"मग ठीक आहे."

पाच दिवसांनी माझी गाडी त्यांच्या वेबसाइटवर झळकली. १३,९९५ डॉलर. 'एकच मालक, आतून अगदी स्वच्छ, ताजी.' मी फोन सासऱ्यांपुढे धरला. वाटलं, आता तरी जावयाची बाजू घेतील. त्यांनी पुन्हा कागद मागितला.

"घेणारा माणूस या १३,९९५ वर कर भरणार?"

"भरणार. मी नवी घेतली तेव्हा मीही भरला होता. एकाच गाडीवर किती वेळा घेणार हे लोक?"

माझं त्यांनी ऐकलं नाही. त्यांची आकडेमोड चालू होती. "९२७ डॉलर १७ सेंट. तुम्हाला सोडले ६४९.२५. म्हणजे सरकारला २७७ डॉलर ९२ सेंट वरच मिळणार." शनिवारपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ही सवलत बरोबर आहे. मी उगाच काळजी करत होतो." आणि तो कागद त्यांनी फोटो काढून माझगावच्या निवृत्तांच्या ग्रुपवर पाठवला. तिथे आतापर्यंत अकरा अंगठे आलेत, आणि 'जावयांचे अभिनंदन' म्हणून एक गुलाबाचं फूल.