सॅकमधलं पिस्तूल म्हणजे वरातीमागून घोडं

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा मला तो दोन दिवसांत तीन ठिकाणांहून आला. मजकूर साधारण असा: ‘यलोस्टोन, ग्लेशियरला चाललात? अस्वलाचा स्प्रे म्हणजे पैसे पाण्यात, वारा फिरला की आपल्याच डोळ्यांत. 2010पासून नॅशनल पार्कात बंदूक कायदेशीर आहे. एखादी दणदणीत हँडगन सॅकमध्ये टाका. स्वतःची नसेल तर मित्राची घ्या. संशोधन सांगतं, 84 टक्के वेळा काम होतं.’ खाली अस्वलाचं चित्र आणि हात जोडलेले. (अस्वलाचा स्प्रे म्हणजे चालून आलेल्या अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा.)

मी वॉशिंग्टन राज्यात राहतो आणि दरवर्षी पाच-सहा वेळा तरी सॅक घेऊन डोंगरात मुक्कामाला जातो. त्यातल्या काही वेळा अंगावर पिस्तूल असतं. तेव्हा बंदुकीच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही. पण या संदेशातलं एकही वाक्य जसंच्या तसं मानण्याजोगं नाही.

‘मित्राची घ्या’ हे आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर सहल बिघडेल, या चुकीने तुरुंग दिसेल. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा नुसत्या गोळ्या जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. नोकरीच्या व्हिसावरचे एच-1बीवाले, एफ-1वर शिकायला आलेली पोरं, सुट्टीत नातवंडांकडे आलेले आजी-आजोबा, सगळे यात आले. शिक्षा 15 वर्षांपर्यंत. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहायचं तर आधी वकील गाठा. समोरच्याचा व्हिसा माहीत असून बंदूक देणारा मित्रही अडकतो. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागत नाही. आता आपल्या गटातले एच-1बीवाले मोजा आणि मग हा संदेश पुढे ढकला.

2010ची गोष्ट अर्धी खरी. त्या वर्षी 22 फेब्रुवारीपासून एवढंच झालं की बंदूक बाळगण्याबाबत पार्कात त्या त्या राज्याचा कायदा चालू लागला. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय. अॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट तर 14 राज्यांतून जाते, आणि त्यातलं न्यू जर्सी बंदुकीबाबत भलतंच कडक. कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. पार्कातल्या व्हिजिटर सेंटरमध्ये आणि रेंजर ऑफिसात बंदूक न्यायची नाही. बाळगायला परवानगी म्हणजे झाडायला परवानगी, असंही नाही. ग्लेशियरला लागून कॅनडाचं वॉटरटन पार्क आहे. तिकडे पर्यटकाला अस्वलासाठी म्हणून हँडगन सीमेपलीकडे नेता येत नाही.

आता ‘सॅकमध्ये टाका’. मार्चमध्ये मी गॅरेजमध्ये प्रयोग केला. पिस्तूल रिकामं, दोनदा तपासलेलं, गोळ्या वरच्या मजल्यावर. पाठीवर भरलेली सॅक, दोन्ही हातांत ट्रेकिंग पोल, बायकोच्या हातात स्टॉपवॉच. पिस्तूल सॅकच्या वरच्या कप्प्यात. ‘चल’ म्हटल्यावर आधी पोलचे पट्टे मनगटातून सुटेनात. मग छातीचं बक्कल, मग कमरेचं, मग सॅक खाली, मग चेन, आणि चेनमध्ये अडकलेली रेनकोटची दोरी. 23 सेकंद. अस्वल ताशी 55 किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. झुडपामागून 30 मीटरवर दिसलं तर हातात दोन सेकंद. बायको म्हणाली, ‘अस्वलाचं जेवण होऊन ते झोपलं.’

मग कमरेला लावू? पोलिसांच्या कमरेला असतंच की. पण पोलिसाच्या पाठीवर 15 किलोची सॅक नसते. चांगल्या सॅकचा भार खांद्यांवर नाही, कमरेच्या पट्ट्यावर येतो, आणि तो पट्टा नेमका होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाच्या, जागेवर बसतो. पट्टा वर घेतला तर पिस्तुलाची मूठ त्याच्याखाली दाबली जाते आणि दोन तासांत हाडाला वळ उठतो. पट्टा सैल केला तर सगळं ओझं खांद्यावर. होल्स्टर सॅकच्या पट्ट्यालाच अडकवण्याची युक्ती बरी वाटते, पण पाणी भरायला सॅक उतरवून ओढ्यावर गेलात की पिस्तूल झाडाखाली आणि तुम्ही पाण्यापाशी.

म्हणून बहुतेक जण शेवटी छातीवरच्या होल्स्टरवर येतात. त्याचे पट्टे सॅकच्या पट्ट्यांखालून जातात, सॅक उतरवली तरी पिस्तूल अंगावर राहतं. गॅरेजमध्ये तीन सेकंद लागले, तेही पोल टाकून दिल्यावर. तोटे आहेतच: खाली घाम साचतो, सॅकच्या छातीच्या बक्कलशी भांडण होतं, आणि पावसात वर जॅकेट घातलं की हात पोचत नाही. शिवाय जॅकेटखाली गेलेलं पिस्तूल काही राज्यांत ‘लपवलेलं’ ठरतं आणि त्याला परवाना लागतो. जागा कुठलीही असो, होल्स्टर ताठ हवं आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. जॅकेटच्या खिशात किल्ल्यांबरोबर सुटं पिस्तूल ठेवणाऱ्याच्या पुढे मी चालणार नाही.

‘दणदणीत’बद्दल थोडक्यात. .500 मॅग्नम या जबर ताकदीच्या गोळीचं लांब नळीचं रिव्हॉल्वर दोन किलोंच्या घरात जातं, आणि एका गोळीचा धक्का असा की दुसरी गोळी झाडेपर्यंत नेम आभाळात. ग्रीनलंडमध्ये गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात 10 मिलिमीटरचं ग्लॉक 20 पिस्तूल वापरते. टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवणाऱ्यांना गोळ्या भरलेलं तेही किलोभर जड वाटेल. ते परवडतं; न झेपणारं मॅग्नम परवडत नाही.

राहिलं 84 टक्क्यांचं संशोधन. ते आहे, 2012चं, अलास्कातल्या 269 घटनांवर. हँडगनचा आकडा 84च आहे. पण जवळ बंदूक असून ती झाडणारे आणि न झाडणारे, यांच्या इजांमध्ये संशोधकांना फरक आढळला नाही, ही त्याच निबंधातली गोष्ट संदेशातून गळली. संशोधकांच्या त्याच वर्तुळातून 2008 साली स्प्रेवरचा निबंध आला होता. ब्राउन (तपकिरी) अस्वलांच्या बाबतीत 92 टक्के यश, आणि वाऱ्याने अडथळा आणला फक्त 7 टक्के वेळा. तेव्हाही फवारा अस्वलापर्यंत पोचलाच. 14 टक्के लोकांना स्वतःला झोंबला, हे मात्र खरं. तरी 92 आणि 84 शेजारी ठेवून टाळ्या वाजवू नका, स्प्रेवाल्यांनीही. स्प्रेच्या घटनांत नुसतं हुंगत आलेलं अस्वलही आहे, बंदुकीच्या घटनांत अंगावर धावून आलेलं जास्त. दोन्ही निबंधांतले प्रसंग एका जातीचे नाहीत.

स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. (पिस्तूल मात्र रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून नेता येतं. ही अमेरिका आहे.) कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कात तर स्प्रेलाच बंदी. जिथे चालतो तिथे पोचल्यावर विकत घ्या, माणसांसाठीचा पेपर स्प्रे नव्हे, डब्यावर अस्वलाचं नाव असलेला. तो खांद्याच्या पट्ट्यावर लावा, सॅकच्या बाजूच्या जाळीत नको, आणि डब्यावरची मुदत बघा. हे लिहिताना मी माझा काढून पाहिला. मागच्या ऑक्टोबरमध्येच संपलाय.