कलप, आत्या आणि शेजारच्या खुर्चीतले काका

कपाळावरचा डाग आज चौथ्या दिवशीही गेलेला नाही. खोबरेल तेल झालं, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली. ऑफिसात कुणी ‘लागलं का कुठे?’ विचारलं की मी ‘कपाटाचं दार’ म्हणतो. म्हणतो आपलं. खरं काय ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोसकट पडलेलं आहे.

तर रविवारी सकाळी मी सलूनच्या खुर्चीत. हात कापडाखाली, डोक्यावर काळा चिखल, फोन समोर पावडरच्या डब्याशेजारी. तो वाजला. मी ‘राहू दे’ म्हणेपर्यंत दुकानातल्या पोऱ्यानं ‘साहेब, आत्याबाईंचाय’ म्हणत तो उचललासुद्धा, आणि मोठ्या प्रेमानं डब्याला टेकवून माझ्याकडे तोंड करून उभा केला.

आत्या सध्या मेलबर्नला आहे, सुनेच्या बाळंतपणासाठी. एकटी असती तर पत्करलं असतं. पण नुकताच न्हालेला नातू दाखवायला तिनं अख्खा ग्रुप गोळा केला होता. व्हॉट्सॲपवर आता एका वेळी बत्तीस जण मावतात. आमचे अकराच होते. एका चौकोनात कुणाचा पंखा, दुसऱ्यात कुणाची हनुवटी, तिसऱ्यात धाकट्या काकूंचा कान, कारण त्या व्हिडिओ कॉलही कानालाच लावतात. त्या कानासकट सगळ्यांनी बाळाला सोडून माझ्याकडे पाहिलं.

“अगोबाई! तू केस रंगवतोस?”

‘आमच्या घराण्यात केस लवकर पिकत नाहीत’ हे वाक्य मी गेली नऊ वर्षं लग्नाकार्यात फेकत आलोय. आत्यानं ते सुनेलाही ऐकवलेलं आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “मेलबर्न का? किती वाजले तिकडे?”

एका गालाला फेस, दुसरा गुळगुळीत, असे एक काका वस्तऱ्याखालून मान काढून माझ्या फोनमध्ये डोकावत होते.

“तीन वाजले दुपारचे,” आत्या म्हणाली. “आपण याचे...?”

“मी शेजारच्या खुर्चीतला.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की आत्यालाही ते नातं पटलं.

“टाळूवर तेल घालताय ना बाळाच्या?”

“घालते हो. इथली नर्स नको म्हणते.”

“ती म्हणणारच. मूळच्या कुठल्या आपण?”

“कराडच्या.”

काकांनी कारागिराचा हात बाजूला सारला. “कराडात कुठं?”

“सोमवार पेठ.”

“काय सांगता! आम्ही शनिवार पेठेतले!”

झालं. कापड गळ्यात तसंच ठेवून काका उठले, माझा फोन हातात घेतला आणि बाकावर जाऊन बसले. टिळक हायस्कूल झालं, प्रीतिसंगमावरचा घाट झाला. मग काका म्हणाले, “सदुसष्टच्या भूकंपाला कुठे होतात?” ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, कोयनेचा भूकंप. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती. गोधडी गुंडाळून अंगणात कशी बसली, आजोबा देव काढायला परत आत कसे गेले, हे ती सांगायला लागली. हे मी तिच्या तोंडून कधीच ऐकलेलं नव्हतं. कारागीर वस्तरा हवेत धरून ऐकत होता. पोऱ्या ऐकत होता. कलपाची वीस मिनिटं उलटून गेली होती आणि ओघळ कपाळावर उतरत होता.

“काका, जरा फोन...” मी म्हटलं.

“थांबा हो, बाई बोलतायत.”

माझा फोन. माझी आत्या. माझा नेटपॅक.

एक्केचाळीस मिनिटांनी फोन परत मिळाला तेव्हा बॅटरी सहा टक्के होती. काकांचा दुसरा गाल व्हायचाच होता, तो त्यांनी आता आरामात करून घेतला.

अमेरिकेत १९७० साली पिट्सबर्गमध्ये चेहरा दिसणारा फोन विकायला काढला होता, महिना १६० डॉलरला. फारसा कुणी घेतला नाही. शहाणी माणसं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला तो नोव्हेंबर २०१६मध्ये. नोटा बंद झाल्या तोच महिना. आपण सगळे एटीएमच्या रांगेत होतो, म्हणून हे दुसरं संकट कधी घरात शिरलं ते कळलंच नाही.

हीच आत्या एके काळी रात्री अकरानंतर, पाव दर लागला की एसटीडी बूथवर जायची. मीटरकडे डोळा ठेवून तीन वाक्यांत सगळ्यांची खुशाली व्हायची. पलीकडे आम्ही लुंगीत आहोत की लोळतोय, तिला काय कळणार? ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ हे आंघोळीच्या आधी म्हणायचं वाक्य होतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. आता ‘कुठवर आलास?’ नंतर ‘दाखव बघू’ येतं. साधा फोन उचलला नाही तर माणूस कामात असतो. व्हिडिओ कॉल उचलला नाही तर तो काहीतरी लपवतोय.

आणि विचारायची पद्धतच राहिली नाही. कुणाच्या घरी जाताना आपण दार तरी वाजवतो. ‘व्हिडिओ लावू का?’ एवढे तीन शब्द टाइप करायला काय जातं? हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल चुलत भावानं माझा तो फोटो पुन्हा टाकला. खाली बाळाचाही टाकला. दोघांच्या डोक्याला तेव्हा तेल-पाणी सुरू होतं, एवढंच साम्य. पण बारा जणांना हसू आलं. काकूंनीसुद्धा अंगठा दिला, म्हणजे त्यांना फोन डोळ्यांसमोर धरता येतो.

काल आत्याचा फोन आला. व्हिडिओच. मी आधी टोपी घातली, मग उचलला.

“टोपी काढ.”

काढली.

“बरं दिसतंय आता. ऐक, ते शनिवार पेठेतले दर रविवारी येतात का रे दाढीला?”

“मला काय माहीत?”

“मग विचारून ठेव. आणि तू पुन्हा कलप कधी लावणार ते सांग, मी तेव्हाच फोन करते.”