उलटतपासात ‘का?’ विचारू नका

नववी-दहावीच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेवरच्या (मुलं वकील-साक्षीदार बनून काल्पनिक खटला चालवतात) एका लेखात वक्तृत्वाच्या तयारीवर भर दिलाय. मला तो पटत नाही. आपल्या सोलापुरात पाठांतराने भाषण ठोकणारी मुलं भरपूर आहेत, पण खटला फिरतो तो उलटतपासात, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 146 प्रमाणे उलटतपासात सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न चालतात, सरतपासात (आपल्या साक्षीदाराला विचारताना) विरुद्ध बाजूने हरकत घेतली तर सहसा नाही. मुलं नेमकी उलट करतात. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर देतात आणि समोरच्याला ‘का?’ विचारून मोकळं रान देतात.

समजा चादरीच्या गोदामातली चोरी आहे. साक्षीदार म्हणतो, चेहरा स्पष्ट दिसला. पोलीस जबाबात मात्र ‘वीज गेली होती’ असं आहे. आधी आजचं उत्तर पक्कं करून घ्या. मग जबाबातलं ते एकच वाक्य दाखवा, वाचा आणि खाली बसा. ‘मग दिसलं कसं?’ विचारलंत की तो म्हणतो, ‘मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात’, आणि सगळं मुसळ केरात!

खटला लिहिणाऱ्या शिक्षकांनीही बघावं: पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 181). स्पर्धेच्या कागदपत्रांत ती सर्रास दिसते, आणि मुलं चुकीचंच शिकतात.

हरकत प्रश्न संपताच, उत्तराआधी घ्यायची, कारणासकट. अंतिम युक्तिवादाचे फक्त मुद्दे काढून ठेवा. पूर्ण लिहून आणला की साक्षीत न आलेली गोष्टही मुलं ठासून वाचतात.